पाठीशी

वसमतच्या मोंढ्यामागं माझं फ्लेक्सचं दुकान.
फाल्गुनात हळदीची धूळ इतकी उडते
की एन्टर दाबलं तरी बोट पिवळं निघतं.

यंदा नगराध्यक्षपद महिलेला सुटलं.
म्हणून फोटो बायकांचे आले,
प्रूफ बघायला पुरुष.
सोमवारी माणिकअप्पा, सूनबाईचा फोटो घेऊन :
दहा बाय वीस, चार नग.
मंगळवारी दिगंबरराव, मिसेसचा :
"अप्पाच्यापेक्षा दोन फूट लांब कर, पैशाचं बघू."
बुधवारी रात्री खैसरभाई, शटर अर्धं ओढून,
मोबाईलमध्ये भाभींचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला :
"मेंदी जरा हलकी कर, बाबू."
तिन्हींच्या खाली एकच ओळ, भावी नगराध्यक्षा.
तिघांचा पक्ष एकच आहे
हे फक्त झेंड्यावरून कळायचं.
समोरून अप्पांची गाडी दिसली
की दिगंबरराव पंपावर हवा भरायला वळायचे,
चाकात हवा असली तरी.

गुरुवारी संभाजीनगरहून निरीक्षक आले.
विश्रामगृहाचं दार आतून लागलं.
बाहेर चपलांचा ढीग. आत आवाज, मग आवाज बंद,
मग कुणीतरी हसलं, मग जेवणाचे डबे गेले.
रात्री दीडला फोन :
"मशीन थांबव. नाव बदललं."

प्रयागबाई टोम्पे.
सरकारी दवाखान्यातली रिटायर सिस्टर.
अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली,
उरलेल्या अर्ध्याला "जीभ काढ बाहेर" म्हणालेली.
लग्न नाही, गट नाही ;
कुणाचीच नाही म्हणून एका रात्रीत सगळ्यांची झाली.
तिघांनी एकमेकांना पेढा भरवला म्हणे.
अप्पांनी कोपरा तेवढा तोडला, शुगरचं सांगून.

मजकूर आला :
आम्ही सर्व एकदिलाने ताईंच्या पाठीशी.

आता माझ्या कॉम्प्युटरला पाठीशी म्हणजे एकच कळतं.
थरावर थर असतात,
ज्याला पाठीशी टाकलं तो झाकला.
अप्पांना ताईंच्या पाठीशी टाकलं
तर एक कान आणि फेट्याचा तुरा उरला.
प्रूफ धाडलं. लगेच फोन,
"मला कुठं गाडायलास रे?"
अप्पांना पुढं घेतलं.
मग दिगंबररावांना अप्पांच्या बरोबरीनं.
मग खैसरभाईंना, अर्धा इंच वर.
मग निरीक्षक, निरीक्षकांचे साहेब,
साहेबांचे साहेब ढगात.
पहाटे चारला ताई
लिंबाएवढ्या गोलात बसल्या, खालच्या कोपऱ्यात,
आणि एकजूट पूर्ण झाली.

साडेसहाला ती स्वतः आली.
चप्पल बाहेर काढून, चष्मा दोरीला,
पिशवीत मेथीची जुडी आणि एबी फॉर्म.
स्क्रीनसमोर बराच वेळ उभी.
"ही मी का?"
"हाव, बाई."
"बारीक दिसते ते जाऊ दे. खांद्यावर हे काय राहिलं?"

झूम केलं.
निरोपसमारंभाच्या ग्रुप फोटोतून कापलं होतं तिला,
शेजारचा माणूस गेला, त्याची तीन बोटं राहिली.
"पुसतो."
"राहू दे. आमचा वॉर्डबॉय होता, लक्ष्मण."
होता म्हणाली. पुढं मी विचारलं नाही.
जाता जाता म्हणाली, पैसे कोण देणार तुझे?
म्हणलं, पक्ष.
ती हसली,
सुई टोचायच्या आधी हसायची तशी.

दहाला हलगी कडाडली.
तिघं एका उघड्या जीपमध्ये, हात वर,
एकमेकांची कोपरं चुकवत.
ती मघाच चालत निघून गेली होती,
पाटलाच्या गल्लीतून, जवळ पडतं म्हणून.

मोंढ्यामागच्या पटांगणात
बायांनी ते जुने फ्लेक्स अंथरले, चेहरे वर,
आणि उकडलेली हळद ओतली.
सूनबाई, मिसेस, भाभी,
तिघींना एकाच उन्हात हळद लागली.

नवा फ्लेक्स चौकात चढला, तीन बोटांसकट.
खालून दिसत नाहीत कुणाला.